खानदानी तीळ
मालिकेतले दोन नायक आज एकमेकांना प्रेमाची कबुली देणार होते. ती कबुली टीव्हीवर दिसली की आपल्या ताईला दोघांचंही सांगून टाकायचं, असा शब्द मेकअपदादानं घरी जोडीदाराला दिला होता. तेवढ्यात वाहिनीच्या मॅडम धापा टाकत सेटवर आल्या. "दुपारचे प्रेक्षक निम्म्यावर आलेत! कबुली रद्द. हे दोघं लहानपणी हरवलेले जुळे भाऊ!" "अहो, परवाच यांची मिठी दाखवली!" दिग्दर्शक किंचाळला. "रक्ताची ओढ होती म्हणा. दादा, दोघांच्या गालांवर खानदानी तीळ काढा." "दोनशे भाग हा तीळ होता कुठे?" दादानं विचारलं. "पावडरखाली!" दादानं घाईघाईत ब्रश टेकवला. एकाचा तीळ उजवीकडे गेला, दुसऱ्याचा डावीकडे. मग जोडीदाराचा फोन आला. "बोलले का रे ते?" "नाही. भाऊ निघाले." "म्हणजे आपल्यासारखंच," तो म्हणाला. "ताई मला तुझा मानलेला भाऊच समजते."