दादा अंघोळ करतोय

फोन वाजला तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती आणि थोरला घरात नव्हता.

आईच्या मांडीवर शाळेच्या गणवेशाचा शर्ट होता आणि बाजूला आणखी अठ्ठावीस शर्टांचा ढीग. तिने सुई कापडात टोचून ठेवली, पण उठली नाही. हा फोन कोर्टासाठीच घेतलेला, दुसरं कोणी त्यावर करत नसे. लोकांच्या मोटरसायकली पळवताना सापडलेल्या थोरल्याला मुलांच्या कोर्टाने घरी सोडलं ते एका अटीवर: संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रोबेशनच्या मॅडम अधूनमधून फोन करणार आणि त्याने स्वतः बोलायचं. अट मोडली की सुधारगृह, अठरा पूर्ण होईपर्यंत. म्हणजे अजून चौदा महिने.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. याचा अकरा दिवस टिकला, खोटं कशाला बोला. त्यानंतर दोनदा फोन आला तेव्हा हा बाहेरच होता. एकदा आईने सांगितलं, अंघोळ करतोय. दुसऱ्यांदा, पोट बिघडलंय, संडासात आहे. दोन्ही वेळा मॅडम नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. आज काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. थापा मारायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं होतं नव्हतं ते सगळं काज-बटणात जात होतं.

सहाव्या घंटीला धाकटीने फोन उचलला. ती नऊ वर्षांची. चटईवर वही पसरून गणितं सोडवत होती.

"नमस्कार मॅडम. दादा ना? अंघोळ करतोय. डोक्यावरून घेतोय, साबण लावलाय. थांबा हं, हाक मारते." रिसीव्हरवर हात ठेवून ती मोरीकडे तोंड करून ओरडली, "दादा, मॅडमचा फोन!" मग उत्तर ऐकायला लागेल तेवढा वेळ थांबली. "मॅडम, तो म्हणतोय, दहा मिनिटांनी करा."

मोरीतला दिवा बंद होता. पोर कुठे म्हणून अडखळली नाही. बोलता बोलता दुसऱ्या हाताने वहीच्या कोपऱ्यात फूल काढत होती.

थोरल्याला पोलीस घेऊन गेले त्या दिवशीही आई इतकी घाबरली नव्हती. आपल्याकडूनच उचललं हिने, तिला वाटलं. दोनदा ऐकलं आणि आपल्यापेक्षा सरस बोलली.

ती उठली आणि तिने रिसीव्हर घेतला. "मॅडम, मी त्याची आई. तो घरात नाही."

मॅडम म्हणाल्या, "ताई, मी अजून काही लिहिलेलं नाही. मला आत्ताच कळलंय की तो अंघोळ करतोय."

"ते खोटं होतं. मागचं दोन्ही वेळचंही."

"मला काय कळत नव्हतं? सतरा वर्षं हेच करतेय. सातच्या ठोक्याला सगळी पोरं अंघोळीला जातात. इतकी स्वच्छ पिढी मी पाहिली नाही." मॅडमचा आवाजही दमलेला होता. "हे बघा, एकदा लिहिलं की खोडता येत नाही. उद्या सकाळी नऊला त्याला घेऊन कोर्टात यावं लागेल, आणि तिथून तो घरी येणार नाही. दहा मिनिटांनी करू फोन?"

दहा मिनिटांत तो येईलही. न यायचाही. दोन वर्षं हेच चाललं होतं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. धाकटी पेन्सिल तशीच धरून तिच्याकडे बघत होती.

"नको," आई म्हणाली. "लिहा."

ती परत शर्ट घेऊन बसली. बटणाच्या भोकात सुई नीट जाईना.

"मी चुकले का?" धाकटीने विचारलं.

"नाही. मी चुकले."

थोरला पावणेआठला आला. हाताला पेट्रोलचा वास होता. दारातच त्याने विचारलं, "फोन आला होता?" आणि आईकडे न बघता बहिणीकडे वळला. "उचललास ना? सांगून ठेवलं होतं ना, आई गडबडते, तूच उचलायचा म्हणून?"

"उचलला की." तिचा चेहरा रडवेला झाला. "डोक्यावरून, साबण, तू शिकवलंस ते सगळं सांगितलं. तुला हाकसुद्धा मारली. आईनेच घेतला माझ्याकडून."

म्हणजे हिने ते आपल्याकडून उचललं नव्हतं. आईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"काय सांगितलंस तू?" थोरल्याने विचारलं.

"घरात नाही म्हणून."

"आई, तुला कळतंय का..."

"कळतंय. सकाळी नऊला कोर्टात जायचंय."

तो एक बूट काढून तसाच उभा राहिला. आता शिवी येईल, दार आपटेल, म्हणून आई वाट बघत होती. तसं काही झालं नाही. ओठांवरची कोवळी मिशी सोडली तर तो चौथीतल्या पोरासारखा दिसत होता. त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण उठवेना.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "सकाळपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे. तिला दुसरं काहीतरी शिकव."

धाकटीने वही उचलली आणि चटईवर सरकून त्याला जागा करून दिली.