कल्ल्यातला बर्फ

दुकानदार अभिजीतने गळाची चौथी काठी उघडली. सर्रकन एकातून एक नळ्या बाहेर आल्या आणि टोक थेट पंख्याला टेकायला आलं.

"सहा फूट, काकू. अन् बंद केली का येवढीशी. पर्समधी बसते."

मंगलाबाईंनी ती हातात घेतली, मनगटाने एकदा झटकली, कान लावून ऐकलं आणि काउंटरवर ठेवून दिली.

"हिचा तिसरा जोड ढिला आहे. मासा लागला का मूठ आपल्या हातात अन् बाकीची नदीत."

अभिजीतचा चेहरा पडला. सौंसरसारख्या गावात घडीच्या काठ्या आणून मोठी हौस केली होती त्याने, आणि पहिली परीक्षा घ्यायला आली ती सत्तरीची बाई. बाईंचं माहेर नदीकाठचं, चार भाऊ, आणि चौघेही नुसत्या हाताने मासा धरणारे, हे त्याला कुठून माहीत असणार?

काठी हवी होती प्रियंकाला, त्यांच्या लेकीला. छिंदवाड्याला बँकेत नोकरी. ऑफिसातल्या सहाजणी तंबू घेऊन दोन दिवस नदीकाठी राहणार होत्या आणि हिने तिथे ऐट मारून ठेवली होती की मासे मी खाऊ घालीन, मी दादारावांची पोरगी आहे.

"बाबा एका रविवारी तरी खाली हातानं आले का, आई?" ती शेजारूनच म्हणाली. "मी तशी आली तं त्यायचं नाक कापलं जाईन."

मंगलाबाई पुढची काठी पाहण्यात गुंतल्या. म्हणजे तसं दाखवलं.

दादाराव नगरपालिकेत कारकून. रविवारी उजाडायच्या आत सायकल काढायचे. दहा फुटी बांबू सायकलच्या दांड्याला बांधलेला. समोरच्याच्या पोटात नाहीतर मागच्याच्या डोळ्यात. दुपारी शीळ घालत परत यायचे. पळसाच्या पानात गुंडाळलेले मासे ओट्यावर ठेवायचे, आणि आठवडाभर साहेबासमोर मान खाली घालून बसणारा तो माणूस छाती काढून सांगायचा, "आज लय झुंजला."

मंगलाबाई मासे साफ करायला बसायच्या. गळाला लागलेल्या माशाचा ओठ फाटलेला असतो, हे त्यांना वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक. दादारावांच्या एकाही माशाचा ओठ कधी फाटलेला नव्हता. एकदा तर भर मे महिन्यात कल्ल्यातून बर्फाचा खडा निघाला. नदीत बर्फ! त्यांनी तो मुठीत दाबला, विरघळेपर्यंत मूठ उघडली नाही, आणि आत जाऊन विचारलं, "येवढा मोठा कसा ओढला हो तुम्ही?" मग तासभर ती गोष्ट ऐकली.

अशा तीस वर्षं ऐकल्या. आता दादाराव जाऊन दोन वर्षं झाली. त्या थापांची एवढी आठवण येते, की मंगलाबाईंना बाजारातला मासा घेववत नाही.

आता पोरीला सांगावं तर तिचा बाप तिच्यापासून जातो. न सांगावं, तर ती बापाच्या नावाने पाण्यात गळ टाकून बसणार, काही लागणार नाही, आणि स्वतःला बोल लावत परत येणार. लहानपणापासून तशीच; दहावीत दोन मार्क कमी पडले तर दोन दिवस जेवली नव्हती. मंगलाबाईंनी मधली वाट काढली.

"तुमच्या तंबूपासून लोधीखेडा जवळच पडते," त्या काठीकडेच पाहत म्हणाल्या. "मासा नाही लागला तं बाजारात चक्कर मारजो. कोणाले सांगाचं काम नाही. फक्त कल्ल्यातला बर्फ तेवढा काढून टाकजो."

प्रियंकाच्या हातातली काठी अर्धी उघडी तशीच राहिली.

"म्हणजे तुले माहीत होतं?"

मंगलाबाई चपापल्या. हा प्रश्न तर त्यांनी विचारायचा होता.

"मी नाल्याच्या पुलियापर्यंत बाबाले घ्याले पळत जाऊ ना," प्रियंका म्हणाली. "तिथं हापशीवर मासे धुवत होतो आम्ही. हापशी ते मारत, बर्फ मी काढू. म्हणत, 'तुह्या आईले सांगू नको व बाई. तिचे भाऊ हातानं मासा धरतात. मी तिले काय तोंड दाखवू?'" "मे महिन्यात एकदा एक खडा माझ्याच्यानं राहून गेला. जेवणं होतपर्यंत बाबा घाबरून होते. तू काही बोलली नाही, तं म्हणे, वाचलो बापा."

"अन् मघा नाक कापलं जाईन म्हणून कोणाले सांगून राहिली होती?"

"तुलेच. त्यायले शब्द देला होता मी."

मंगलाबाईंनी काउंटरचा काठ धरला. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही आवरेना.

"मले का मासेच पाहिजे होते?" त्या म्हणाल्या.

मग अभिजीत खाकरला आणि हळूच म्हणाला, "काकू, आत एक आहे पक्क्या जोडाची. काढू का?"

"राहू दे, बाबू." मंगलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "ते ढिल्या जोडाचीच दे. नदीवर बसाले तं लागते."