वाजणारा पाना

पेटीत सतरा साधे पाने, दोन हातोडे आणि ठरवलेला जोर लागताच ‘टिक्’ वाजणारा एक टॉर्क पाना होता. उद्यापासून मनस्वी उरणच्या यार्डात मेकॅनिक म्हणून लागणार होती. बाबांच्या पेटीतून हत्यारं निवडत होती. “त्यो वाजनारा नको नेव,” आई म्हणाली. “त्यानंच तुज्या बाबाची नोकरी खाल्ली.” बाबांनी बसवलेलं लोडरचं चाक निखळून ड्रायव्हरचा पाय गेला, तेव्हा ते म्हणाले होते, नट आवाजापर्यंत आवळलेले, पानाच लवकर वाजतो. मनस्वीने पाना विसाच्या खुणेवर लावून वाइसच्या जबड्यात आडवा धरला. त्याच्या मीटरभर दांड्याच्या टोकाला पिशवी अडकवून मिठाच्या किलोकिलोच्या पुड्या टाकू लागली. पाना बरोबर असेल तर वीस किलोलाच वाजायला हवा. “चौदालाच बोंबलंल बग,” आई हसली. “ऱ्हाऊदे गो, मीठ सांडंल,” बाबा दारातून म्हणाले. चौदा झाल्या. सतरा. एकोणीस. विसाव्या पुडीला पाना वाजला.