कापडी फलक

यंदा तिसऱ्यांदा नदी घरात शिरली, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या मावशींनी सासूबाईंना पलंगावर बसवलं, फलकाचं कापड त्यांच्या मांडीवर टाकलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात पाय घालून त्या मशीन मारत राहिल्या. पर्यावरण परिषदेने या वेळी प्लास्टिकला फाटा दिला होता, म्हणून जुन्या चादरींवर कापडी अक्षरं शिवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं: 'आता नाही तर कधीच नाही!'

"आई, एवढी मोठमोठी माणसं जमतायत. आता नदीचं काहीतरी होईलच बघा."

"तुझ्या तोंडात साखर पडो गं बाई. पुढच्या पुरात काही मी वाचत नाही."

दुसऱ्या दिवशी सभागृहात आयोजक बाईंनी टाक्यांवरून हात फिरवला. "काय सुरेख झालंय हो!"

मावशींनी लगेच पिशवीतून सुईदोरा काढला. "कोपऱ्यात जागा सोडलीय, मॅडम. यंदाचं साल घालून देऊ ना?"


"छे छे, साल नकोच, मावशी! दरवर्षी हाच फलक लावायचाय."