एकही मर्द नको

"डॉक्टरीणबाई, घावला का एखादा मर्द?" बंडा वस्तादांनी विचारलं, आणि मिशीवर गेलेला हात आपसूक खाली आला.

प्रश्न जिवाचा होता. रक्ताच्या कॅन्सरने या पैलवानाला चीत करत आणलं, तेव्हा धाकट्या बहिणीच्या, हौसाच्या मूळपेशी त्यांना चढवल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या अंगात तयार होणारं रक्त हौसाच्या पेशींचं, म्हणजे बाईचं. आजच्या तपासणीत पुरुषाची पेशी दिसली, तर ती त्यांची स्वतःची, जुनी. आणि तिच्या मागोमाग दुखणंही परतायची धास्ती. जन्मभर 'बायकी' हा शब्द शिवीसारखा वापरलेला हा गडी आठवडाभर जोतिबाला एकच साकडं घालत होता, माझ्या रक्तात एकही मर्द सापडू नये.

"अण्णा, देवालाबी हसू आलं असंल," हौसा म्हणाली.

"हसू दे की! पर ऐकलं तर पायजे."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा एकदा नजरेखालून घातला आणि हसल्या. "एकही नाही, वस्ताद. सगळ्या पेशी ताईंच्याच."

वस्तादांनी हौसाच्या डोक्यावर हात ठेवला. मग धाडकन दार उघडून बाहेर आले. तालमीतले आडदांड पैलवान भिंतीला पाठ लावून जीव मुठीत धरून उभे होते.

"काय निघालं, वस्ताद?"

वस्तादांनी छाती काढली, कचकचून शड्डू ठोकला आणि अख्खा दवाखाना दणाणून सोडला, "शंभर टक्के बाई!"