परांचीचा नकार

परांचीवर चढण्याआधी पहिल्या पाइपाला हात लावून नमस्कार करायचा, ही गवंड्यांची जुनी रीत. थकवा ओळखणारं यंत्र कंपनीने नेमकं त्याच पाइपात बसवलं. दमलेला हात लागला की दिवा लाल होतो आणि वर जायचं दार उघडत नाही. तेव्हापासून पडून कोणी मेलं नाही, हेही खरंच.

धोंडीरामला कालही लाल दिवा लागला होता, आजही लागला.

"आज वर गेलो नाही तर मुकादम दुसरा गवंडी आणेल," तो बायकोला म्हणाला. "इंदरे, तू लाव हात. तू खालीच असतेस, तुला कसला आलाय थकवा!"

इंदराने डोक्यावरचं वाळूचं घमेलं उतरवलं, पदराला हात पुसला आणि पाइपाला लावला.

दिवा लाल झालाच, शिवाय भोंगाही वाजू लागला. तो आजवर कोणासाठी वाजला नव्हता.

"अगं बाई," इंदरा परांचीकडे बघत म्हणाली, "हिला कळलं की!"

 धोंडीरामने तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून विटांवर ठेवली.

"बस. चहा आणतो."

"आणि मुकादम?"

"येऊ दे. त्यालाही म्हणू, लाव हात."