आधी बोटं

खाणीवरच्या ट्रकांवर जन्म काढलेले निवृत्तीबाब साठीनंतर डिचोलीत आग्नेलसरांकडे पियानो शिकायला आले, ते बायकोला तिच्या आवडीचं एक गाणं वाजवून दाखवायचं म्हणून. दर तासाला ते गाणं मागत आणि सर बोटांचे धडेच गिरवून घेत. "आधी बोटं वळू देत, निवृत्तीबाब. गाणं मागीर."

मध्ये पंधरा दिवस खाडा झाला. परतले ते मिशी साफ काढून, आणि जराही न कुरकुरता तासभर धडे गिरवत बसले. सरांना मनातून बरं वाटलं. "आता कशी बोटं तयार झाली. चला, आज तुमचं गाणं घेऊ."



"बायल गेली, सर. वरसभर गाणा वाजवूचा नसता. ह्या धड्यांका कोण गाणा म्हणूचो नाय."